पायाशी क्रूस

चुन्याची बादली कबरीपाशी टेकवली आणि रिबकाबाईंनी आधी कंबर धरली. ईस्टर उद्यावर आला होता. आदल्या दिवशी वस्तीतलं झाडून सगळं ख्रिस्ती माणूस कबरस्तानात यायचं, आपापल्या माणसांच्या कबरी झाडायचं, चुना मारायचं, कारण सणाची उपासना इथंच, कबरींच्या मधोमध उभं राहून, सूर्य उगवताना व्हायची. एरवी रिबकाबाई सासू-सासऱ्यांसारख्या मानलेल्या म्हाताऱ्यांच्याही कबरी एकटीनं रंगवून वर शेजारणीची उणीदुणी काढायला मोकळ्या. यंदा हातातला कुंचासुद्धा जड झाला होता.

त्यांचा नवरा, एसटीतला शांतवन कंडक्टर, गेला त्याला महिना होत आला होता. त्याच्या आधी तो कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होता. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं रिबकाबाईंनी केलं. तो गेला तेव्हा रडायलाही अंगात जीव उरला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना फक्त झोप हवी होती. ती जरा लागायला लागली, तेवढ्यात नणंदेनं ती उडवली.

नणंद म्हणजे बयाबाई, गारगोटीच्या. भाऊ पोरवयात मिशनच्या बोर्डिंगात शिकायला गेला, बाप्तिस्मा घेऊन केरबाचा शांतवन झाला. बयाबाईंच्या लेखी मात्र शेवटपर्यंत केरबादादाच. मयताच्या दिवशी त्यांची गाडी मुदाळ तिट्ट्यावर बंद पडली. पोचल्या तोवर पेटीला झाकण लागलं होतं. तोंड बघितल्याबिगर जाऊ देणार न्हाई म्हणून त्या पेटीवर आडव्या पडल्या. मग खिळे उपसले, झाकण काढलं, तोंड दाखवलं आणि घाईघाईनं झाकण पुन्हा ठोकलं.

आणि गेल्या आठवड्यात, रिबकाबाई भाकरी थापत असताना, बयाबाई सहज बोलून गेल्या, की झाकण लावल्यावर दादाच्या पायावर डोकं ठेवायचं राहिलं नाही बाई. पायाकडं तुमचा तो क्रूस रंगवलाय ना, त्याच्यावरच कपाळ टेकलं.

रिबकाबाईंचा हात परातीतच थांबला.

"क्रूस डोक्याकडं असतोय, वन्सं."

पेटी साधी चौकोनी, दोन्ही टोकांना सारखी. गडबडीत झाकण उलटं फिरलं होतं. आणि खांदेकऱ्यांनी पेटी खाली सोडली ती झाकणावरचा क्रूस बघून. रीत अशी, की डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. प्रभू येणार पूर्वेकडून. कर्णा वाजला की मेलेले उठून बसणार ते त्याच्याकडंच तोंड करून. म्हणजे अख्खं कबरस्तान प्रभूकडं बघणार आणि एकटा शांतवन त्याच्याकडं पाठ करून बसणार.

पाळकसाहेब घरी आले, शांतपणे बसले. समुद्रात बुडालेल्याला उठवतो, जळून राख झालेल्याला उठवतो, त्या प्रभूला दिशेची काय अडचण, असं म्हणाले. रिबकाबाईंनी मान हलवली. रविवार शाळेत त्या पोरांना हेच तर शिकवत आल्या होत्या. पटत सगळं होतं, पण पटलेलं काळजापर्यंत उतरेल तर शपथ. डोळा लागला रे लागला, की शांतवन दिसायचा. पाठमोरा, बावरलेला, "म्होरं सरका, म्होरं सरका" म्हणत. जन्मभर एसटीत तसाच तर उभा राहिला होता, गाडी जाईल तिकडं पाठ करून.

बयाबाईंनी धोशा लावला, कबर उघडा, दोष माझ्या माथी. मुलगा शिमोन बिचारा कचेरीत खेटे घालून आला. परवानगी मिळेल, पण आईनं हो म्हणायला हवं. आणि आजच, कारण संध्याकाळी गवंडी दगड बसवायला येणार. एकदा दगड बसला की संपलं. हो म्हणायचं म्हणजे त्याला पुन्हा वर काढायचं, पुन्हा हलवायचं, पुन्हा बघायचं. नाही म्हणायचं म्हणजे त्याला तसाच ठेवायचा. रिबकाबाईंना दोन्ही उचलवत नव्हतं.

कुंचा टाकून त्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसल्या. ती जागा त्यांचीच, राखून ठेवलेली. गुलमोहोराची सावली पश्चिमेच्या टोकाला होती म्हणून तिथं टेकल्या, नाहीतर उन्हात कोण बसतंय. कबरीच्या पलीकडच्या टोकाला, पूर्वेला, बयाबाई फतकल मारून चुना फासत होत्या. कपाळावर चुन्याचा थेंब, नाक तेच बाकदार, शांतवनचं, आणि तोंड इकडं, थेट रिबकाबाईंकडं.

रिबकाबाई बघतच राहिल्या.

"वन्सं, हलू नका."

"का वो? साप हाय काय?"

"ह्यांचं डोकं आत्ता तुमी बसलायसा तितंच हाय. न्हाई?"

बयाबाईंचा चेहरा पडला. "व्हय. माझ्यापायी."

"आन् माझं डोकं इतं यायचं, मी बसलीया तितं. रीतीपरमाणं."

बयाबाईंना काही कळेना. रिबकाबाई सावकाश बोलत राहिल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. तो उठून बसेल तो इकडं तोंड करून. त्या उठून बसतील त्या तिकडं तोंड करून. डोळे उघडल्यावर त्याला पहिल्यांदा दिसतील त्या.

"मी सांगीन की त्यास्नी. अवो, असं काय बघतायसा, मागं वळा. प्रभू तिकडं हाय."

बयाबाईंनी कुंचा खाली ठेवला. पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले आणि चुना गालभर केला.

"जल्मभर तुमचंच ऐकलं दादानं. तितंबी तुमचंच."

"दुसऱ्या कुणाचं ऐकत्यात ते?"

शिमोन पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, कबर उघडायची नाही, गवंड्याला येऊ दे. त्यानं घागर ठेवली आणि गवंड्याला सांगायला निघाला. मग त्यांनी त्याला परत हाक मारली.

"मला मात्र नीट ठेव, बाबा. झाकण एकदाच ठोका. आत्या उशिरा आली तर येऊ दे उशिरा."

"मी आदल्या दिशीच येऊन बसती," बयाबाई म्हणाल्या.

अर्धी कबर अजून रंगवायची राहिली होती. रिबकाबाईंनी बादलीकडं हात नेला, पण तो वाटेतच मांडीवर पडला. पाठ गुलमोहोराला टेकली. बयाबाईंनी त्यांच्या पुढ्यातली बादली अलगद ओढून घेतली आणि वैनीची झोप मोडू नये म्हणून उरलेला चुना हळूहळू, आवाज न करता मारत राहिल्या.