उजनीकाठचा बाक

मित्रांनो, मी शाळेतला एक बाक आहे. जुना, दोन मुलांना पुरेल एवढा. तुमच्या वर्गातल्या बाकांचा मी आजोबा शोभेन. पण आज मी शाळेत नाही. सोलापूरपासून पुष्कळ लांब, उजनी धरणाचे पाणी मागे पसरत जाते त्या काठावर मी उभा आहे. माझा एक पाय गाळात रुतला आहे आणि पाठीची फळी सुटली आहे.

तिप्पण्णा नावाच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. पोरांच्या चड्ड्या फाटू नयेत म्हणून त्याने माझ्या कडा पुन्हापुन्हा घासल्या. मग सोलापुरातल्या एका शाळेत खिडकीजवळची जागा मला मिळाली. तीस वर्षे मुले माझ्यावर बसली, भांडली, पेंगली. कर्कटकाच्या टोकाने त्यांनी माझ्यावर नावे कोरली. मला ते कधी दुखले नाही. पुढे शाळेत लोखंडी बाक आले आणि आम्हा लाकडी बाकांना मागच्या शेडमध्ये एकावर एक रचून ठेवले. तिथे मला वाळवी लागली.

त्याच वर्षी गणिताचे गोपाळ सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांकडे एक जुना बाक मागितला, आणि तो मी निघालो. सरांनी मला घासून-पुसून रंग दिला. एवढी माया मला शाळेतही मिळाली नव्हती.

सर आणि त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई नव्या पेठेत राहत होते. एका कापड दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर गर्दी आणि रिक्षांचे भोंगे. धूळ येते म्हणून प्रेमलाबाईंनी रस्त्याकडची खिडकी कित्येक वर्षे उघडलीच नव्हती. "उरलेलं आयुष्य खिडकी उघडून काढायचंय मला," असे त्या म्हणत. म्हणून सरांनी उजनीच्या काठावर घरासाठी एक जागा विकत घ्यायचे ठरवले. त्यांचा मुलगा आशिष पुण्यात नोकरीला होता. त्याने सांगून पाहिले, "बाबा, आधी कोणा वकिलाला कागद दाखवा." पण सर पाणी बघून आले होते. त्या पाण्यावर थंडीत दूरदेशचे गुलाबी पक्षी उतरतात, हेही त्यांनी पाहिले होते. मग त्यांचे मन दुसरे काही ऐकेना.

जागा दाखवणाऱ्या दलालाचे नाव इंद्रजीत. बोलायला गोड माणूस. "काकू, दार उघडलं की पाणी. अशी जागा परत मिळायची न्हाय," तो म्हणाला. सरांनी नव्या पेठेतल्या खोल्या विकल्या, जागा घेतली, दोन खोल्यांचे घर आणि पुढे ओसरी बांधली. मला त्यांनी ओसरीसमोर पाण्याकडे तोंड करून मांडले.

मित्रांनो, पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. सकाळी दोघे माझ्यावर बसून चहा घेत. प्रेमलाबाईंनी कढीपत्ता लावला, पपई लावली, भेंडी लावली. घराची एकही खिडकी त्या दिवसा लावत नसत. गणित शिकवताना मुलांवर डोळे वटारणारे सर इथे बगळे मोजत बसत आणि मोजता मोजता चुकले की स्वतःशीच हसत.

शेजारी थोड्या उंचावर गोजरबाईचे खोपट होते. गोजरबाई एकटीच होती. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गेलेला, तो येतच नसे. पहिल्याच आठवड्यात ती शेंगाची चटणी आणि भाकरी घेऊन आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"वर बसा की, मावशी," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"नगं. शाळंचा बाक हाय त्यो," गोजरबाई म्हणाली. "दुसरीत होते तवा धरण आलं. गाव पाण्यात गेलं, शाळा बी गेली. तवापासनं बाकावर बसले न्हाय."

सरांनी तिचा हात धरून तिला माझ्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी आणली. रोज दुपारी गोजरबाई येऊ लागली. आधी अक्षरे, मग शब्द, मग स्वतःचे नाव. माझ्यावर बसून इतका जिवापाड अभ्यास कुणी केलेला मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. अभ्यास झाला की ती आणि प्रेमलाबाई शेंगा फोडत बोलत बसत. दोघींना एकमेकींवाचून करमेनासे झाले होते.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात सर तिला म्हणाले, "आज मी सांगणार नाही. तुमच्या मनातलं एक वाक्य लिहा."

गोजरबाईने पाटीवर पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली. मग तिने पाटी खाली ठेवली.

"मास्तर, ही जमीन तुमची न्हाय," ती म्हणाली.

सरांना वाटले, ती गंमत करते आहे.

"धरणात गेलेली जमीन हाय ही, सरकारची. हितं हद्दीचा दगड व्हता. इंद्रजीतनं त्यो उपटून पाण्यात टाकला, मी बघितलंय. तुमच्या कागदावरची जमीन वर माळावर हाय, ती बी दुसऱ्याची; इंद्रजीत कुणाला तरी सांगताना मी ऐकलंय. दोन-तीन वर्सं धरण भरलं न्हाय म्हणून हितं कोरडं हाय. भरलं की पाणी पार माझ्या खोपटाच्या पायरीला येतं."

प्रेमलाबाईंच्या मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या. त्यांनी विचारले, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही? आमचं घर बांधलं जात होतं, तुम्ही रोज बघत होता."

"सांगितलं असतं तर तुमी गेला असता, बाई," गोजरबाई म्हणाली. "किती वर्सांनी शेजारी माणसाचा आवाज आला व्हता."

प्रेमलाबाई उठून आत गेल्या. त्या दिवसानंतर त्या गोजरबाईशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

सर इंद्रजीतला शोधायला गेले. त्याचा फोन बंद होता आणि घराला कुलूप. सर तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने नकाशा पसरून दाखवला. जे गोजरबाई बोलली होती, तेच नकाशात होते. "तक्रार द्या, पण बांधकाम काही राहणार नाही," तो म्हणाला. सरांनी तक्रार दिली आणि परत येऊन माझ्यावर बसले. त्यांच्या पायांत चप्पल तशीच होती. संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत.

मग श्रावणात पाणी आले. आमच्याकडे पाऊस नव्हता, लख्ख ऊन पडले होते. पाऊस वर पुण्याकडे पडत होता आणि भीमेचे पाणी आवाज न करता चढत होते. पहिल्या दिवशी भेंडी बुडाली, दुसऱ्या दिवशी माझे पाय. चौथ्या दिवशी ते ओसरीवर चढले. गावातल्या रामहरीने ट्रॅक्टर आणला. कपाट, भांडी, गाद्या ट्रॉलीत चढल्या. माझ्यासाठी जागा उरली नाही. रामहरीने विचारले, "सर, बाक?" सर म्हणाले, "राहू दे."

गोजरबाई भाकरीचे गाठोडे घेऊन वाटेत उभी होती. प्रेमलाबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. ट्रॉली तिच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली.

पाय गाळात रुतला म्हणून मी वाहून गेलो नाही, पण कित्येक महिने पाण्याखाली होतो. चैत्रात पाणी उतरले तेव्हा घराच्या भिंती पडल्या होत्या. खिडकीची एक चौकट तेवढी गाळात उभी होती.

एके दुपारी सर आले, एकटेच. ते खूप वाळले होते. ते माझ्यावर बसले. खोपटातून गोजरबाई धावत खाली आली आणि चार पावलांवर थांबली.

"बाई कुटं हायत?" तिने विचारले.

"गेली. संक्रांतीनंतर आठ दिवसांनी. आशिषच्या घरी झोपूनच होती शेवटी."

"मला सांगावा बी धाडला न्हाय, मास्तर?"

"तिनंच नको म्हटलं होतं," सर म्हणाले.

गोजरबाई खाली बसली. माझी दुसरी बाजू मोकळी होती, पण सर तिला वर बसा म्हणाले नाहीत, आणि तिनेही तसे काही मनात आणले नसावे. थोड्या वेळाने सर उठले आणि एस.टी.च्या वाटेला लागले. त्यानंतर ते आले नाहीत. गोजरबाईही आता खाली येत नाही. तिच्या खोपटाचे दार मला इथून दिसते. ते बहुतेक वेळ बंदच असते.

मित्रांनो, पुढच्या वेळी धरण भरले की मी फळी फळी होऊन वाहून जाईन. मला वाचवा असे मी म्हणत नाही. लाकूड कुजायचेच असते. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की, कुणाचे नुकसान होणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. तो माणूस तुम्हाला कितीही हवाहवासा वाटत असला, आणि ऐकून तो कायमचा निघून जाणार असला, तरी सांगा.