शेकोटीवर टांगलेलं धनुष्य

हॅमो धनुष्यवाला संशयी आहे, हे अख्ख्या यॉर्क शहराला ठाऊक होतं. घरातल्या चीजच्या गोळ्यालासुद्धा तो दोरा गुंडाळून माप घ्यायचा. म्हातारपणी गुडघे धरले, बाहेर फिरणं कमी झालं, आणि सगळा संशय एकाच माणसावर येऊन बसला. तो माणूस म्हणजे त्याचा जावई थर्स्टन.

थर्स्टन दोन वर्षं सासऱ्याच्याच धनुष्यांच्या कारखान्यात राबत होता. येत्या रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपली की, चांदमारीच्या मैदानावर धनुष्य करणाऱ्यांचे पंच त्यानं घडवलेल्या धनुष्याची परीक्षा घेणार होते. बारा बाण धड गेले की थर्स्टन उस्ताद होणार, धनुष्यावर स्वतःची खूण उमटवणार. नाहीतर पुन्हा सासऱ्याच्या हाताखाली मजुरी. या धनुष्यासाठी हॅमोनं इटलीहून आलेल्या यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा शेवटचा दांडा काढून दिला होता. सात हिवाळे मुरवलेला, पाठीला पांढरं लाकूड, पोटाला तांबूस गाभा, गाठ औषधालाही नाही. दिला खरा, पण देताना जीव तुटला होता.

आणि आता हा पठ्ठ्या रोज दुपारी, सगळे जेवायला बसले की, तळघरात जायचा. धनुष्य तिथंच ठेवलेलं असे. वर यायचा तेव्हा हात चिकट.

"काय करतोस रे खाली?"

"काही नाही उस्ताद, बघून येतो."

"रोज बघायला त्याला काय पाय फुटणारेत?"

थर्स्टन नुसता हसला. हॅमोला ते हसू मुळीच आवडलं नाही. त्यानं मनाशी गणित मांडून टाकलं: हा चांगलं धनुष्य गुपचूप एखाद्या सरदाराला विकणार आणि पंचांपुढे भलतंच काहीतरी ठेवणार.

सोमवारी तो कण्हत कुथत तळघरात उतरला आणि धनुष्य आपल्या खोलीत घेऊन आला. माणसाहून उंच वस्तू ती. टांगायला भिंतीवर जागा होती फक्त शेकोटीच्या वर. त्यानं ते तिथं टांगलं आणि दाराला कुलूप घातलं.

"उस्ताद, तिथं धग लागेल," थर्स्टन काकुळतीला आला. "लाकूड कोरडं पडेल."

"मला शिकवतोस? तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून धनुष्यं करतोय मी."

"बाबा, ऐका ना त्याचं," सबिना म्हणाली.

"तू नवऱ्याची वकिली करू नकोस."

धनुष्य आगीपासून लांब ठेवा, हे हॅमोनंच चाळीस वर्षं कामगारांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण सहा दिवसांत काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. शेकोटी बारीक ठेवायची ठरवली. मार्चची थंडी मात्र हाडात शिरत होती, आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांसाठी एक लाकूड जास्त पडतच गेलं.

रविवारी मैदानावर थर्स्टननं धनुष्याला दोरी चढवली, जरा ओढून बघितली आणि तो सासऱ्याजवळ आला. "फार ताठ झालंय, उस्ताद. पुढच्या रविवारी घ्या म्हणून सांगू का पंचांना?"

"का? बदलायला वेळ हवाय?"

थर्स्टनचा चेहरा पडला. तो बाण घेऊन जागेवर जाऊन उभा राहिला.

पहिला बाण निशाणाच्या तीस पावलं पुढं गेला. लोकांनी आरोळी ठोकली. हॅमोनं मात्र ओळखलं. बाण असा फेकतं ते कोरडं पडलेलं लाकूड, आणि मग ते फार टिकत नाही. 'थांब' हा शब्द त्याच्या ओठांवर आला. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, चारचौघांत. त्यानं तो शब्द गिळला. दुसरा बाणही तसाच गेला. तिसऱ्याला दोरी कानामागं पोचली आणि हाड मोडल्यासारखा आवाज झाला. धनुष्याचा एक तुकडा थर्स्टनच्या भुवईवर बसला. रक्ताची धार लागली.

पंचांचा प्रमुख गिल्बर्ट यानं तुकडा उचलून नखानं खरवडला. "आतून पार वाळलंय की. कुठं ठेवलं होतंस रे?"

"माझीच चूक," थर्स्टन रक्त पुसत म्हणाला. "नीट जपलं नाही मी."

हॅमोच्या मनात पहिला विचार आला तो असा: हा का पांघरूण घालतोय? याला काय हवंय?

"खोटं बोलतोय तो!" सबिना किंचाळली. "धनुष्य वाळू नये म्हणून रोज दुपारी जेवण टाकून त्याला मेण चोळत होता. एवढ्या जपण्याला तुम्ही हसाल म्हणून चोरून करायचा, बाबा!"

हॅमोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या शेकोटीवर होतं," तो म्हणाला. "मीच टांगलं."

"तुम्ही?" गिल्बर्ट बघतच राहिला. "कशासाठी?"

"हा विकून खाईल असं वाटलं."

कुणीही हसलं नाही. गिल्बर्टनं तुकडा खाली ठेवला. "मग पोराचा दोष नाही. सुगीनंतर पुन्हा परीक्षा घेऊ. दांडा मी देतो. काम तिथंच करशील ना रे, सासऱ्याकडं?"

थर्स्टननं हॅमोकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच हॅमो दुसऱ्याच्या शब्दाची आशेनं वाट बघत होता.

सबिना डोक्याचं फडकं सोडून नवऱ्याच्या कपाळाला बांधत होती. गाठ पक्की झाल्यावर तीच बोलली.

"नाही. आजच सामान हलवतो आम्ही."