वस्तरा गळ्यावर असताना

मित्रांनो, मला नीट बघून घ्या, कारण लवकरच माझ्या जागी नवी खुर्ची येणार आहे. मी या सलूनमधली जुनी, मागे कलणारी खुर्ची. तरुणपणी माझा थाट असा, की मोठमोठे पहिलवान माझ्यावर डुलक्या काढत. आता गादी फाटली आहे आणि माझी कुरकुर तर विचारूच नका!

आमच्या न्हावीकाकांचा एक नियम आहे. वस्तरा गळ्यावर असेपर्यंत बसणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. बाकीच्यांनी हवं ते बोलावं.

शेजारच्या देशातल्या हुकूमशहाशी आपल्या सैन्याने युद्ध केलं, तेव्हा इथे रोज वाद पेटायचे. युद्ध संपलं, हुकूमशहा गेला, पण दोन सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. थोरल्याचा एकुलता मुलगा त्या युद्धात मारला गेला. धाकट्याची लेक त्याच देशात दिलेली. सरकारविरुद्ध बोलली म्हणून ती तुरुंगात खितपत पडली होती, ती युद्धामुळेच सुटली.

एके सकाळी थोरला तोंडाला फेस लावून बसला होता, तोच धाकटा आत आला. थोरला उठू लागला. काकांनी पटकन वस्तरा टेकवला आणि धाकट्याला म्हणाले, "बोल बाबा, आता तो हलायचा नाही."

"दादा, युद्ध झालं नसतं तर माझी पोर तिथेच मेली असती. मग ते चुकीचं होतं असं कसं म्हणू?"

थोरल्याने माझे हात घट्ट आवळले. पण ऐकून घेतलं.

मग काकांनी धाकट्याला बसवलं आणि थोरल्याकडे पाहिलं.

"तुझी लेक सुटली, याचा मला आनंदच आहे रे," थोरला म्हणाला. "पण युद्ध बरोबर होतं म्हटलं, की माझ्या पोराचं मरणही बरोबर होतं म्हणावं लागतं. ते माझ्या तोंडून निघत नाही."

धाकट्याच्या डोळ्यांतलं पाणी फेसात उतरलं. मलाही फार वाईट वाटलं. काकांनी वस्तरा बाजूला केला, तसा तो फेसासकट उठून दादासमोर उभा राहिला.

शेवटी थोरलाच म्हणाला, "पोरीला घेऊन ये घरी. त्याची खोली रिकामीच आहे."

वाद मिटला असं समजू नका हं! दोघे अजून तावातावाने भांडतात, आळीपाळीने माझ्यावर बसून ऐकतात आणि जेवायची वेळ झाली की तीच लेक त्यांना बोलवायला येते.

मित्रांनो, काकांना एवढं सांगा. गादी बदला, तेल घाला, पण मला इतक्यात भंगारात घालू नका. त्या दोघांचं अजून बरंच बोलायचं राहिलं आहे.