बिनधन्याची सावली

चार वाजता गिऱ्हाईक यायचं होतं आणि तिचं टिपण अजून पहिल्याच वाक्यावर अडून बसलं होतं.

जुन्या छापचित्रांच्या त्या दुकानात कामाला लागून तिला अडीच महिने झाले होते. बाळंतपणानंतरची पहिलीच नोकरी. विकायच्या प्रत्येक चित्राच्या रचनेवर पानभर लिहायचं, खाली सही करायची, एवढंच काम. पण सही तिची. तिच्या भरवशावर लोक चित्र घरी नेत.

आजचं चित्र हिवाळ्यातलं. बर्फाखाली गेलेलं रान, निष्पर्ण झाडं, तीन हरणं, एक ससा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर दाबून छापलेलं. देखणंच होतं. पण कुठंतरी पाणी मुरत होतं.

तसा संशयाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाळ सासूबाईंजवळ असायचं, तरी तिसऱ्या रिंगला फोन उचलला नाही की ही लगेच शेजारणीला फोन लावायची. नवरा म्हणायचा, "तुला दुधावरच्या सायीतसुद्धा कट दिसतो." म्हणून आज तिनं स्वतःलाच दटावलं आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

तिन्ही हरणांच्या माना उजवीकडे. कान टवकारलेले. ससा तिकडूनच जीव घेऊन पळत सुटलेला. अख्खं चित्र उजवीकडे बोट दाखवत होतं आणि उजवीकडे नुसता बर्फ. अगदी कडेला सावलीचा एक तुकडा, दोन टोकदार कानांचा. सावली आहे, मग तिचा धनी कुठे गेला?

शेजारच्या टेबलावर फ्रेमकाका काच कापत होते.

"काय गं, टिपण लिहितेस की हरणं राखतेस?"

"काका, हे तुम्हीच मढवलंत ना?"

"दुकानात दुसरं कोण मढवतंय?" काच कापणारा हात थांबला. "का?"

"सहज."

तो "का" तिच्या डोक्यात रुतून बसला. एरवी दिवसातून चारदा बाळाची चौकशी करणारे काका आज त्याबद्दल एकदाही बोलले नव्हते.

ते चहा आणायला गेले तशी तिनं फ्रेम उलटी करून मागच्या पट्ट्या सोडवल्या, भोवतीचा पुठ्ठा उचलला. छापताना पत्र्याची कड कागदात रुतते. चारी बाजूंना बोटाला लागेल असा ठसा राहतो. तिनं बोट फिरवलं. डावीकडे ठसा. वर ठसा, खाली ठसा. उजवीकडे बोट सरळ कागदाबाहेर गेलं. बाकीच्या कडा पिवळट. ही पांढरीशुभ्र, कालपरवा पात्यानं कापल्यासारखी.

"मिळालं?" काका दारात दोन कप घेऊन उभे.

"काय होतं इथं?"

"लांडगा." त्यांनी कप ठेवले. "तयार फ्रेम होती गं, चित्र चार बोटं जास्त भरत होतं. आणि हे लागणार गिऱ्हाईकाच्या पोरांच्या खोलीत. म्हटलं, ब्याद गेली. पोरं निवांत झोपतील."

क्षणभर तिलाही ते पटलं. मग तिनं हरणांकडे पाहिलं. ती अजून तशीच घाबरलेली होती, फक्त कशाला ते कोणाला कळणार नव्हतं. असलं चित्र आपल्या बाळाच्या उशाशी तिनं टांगलं नसतं.

तिनं पेन उचललं. रचनेबद्दल भरभर लिहिलं आणि शेवटी: "चित्र उजवीकडून कापलेलं आहे. तिथं लांडगा होता."

"अगं, मालकीणबाई माझी चामडी सोलतील!"

तेवढ्यात मालकीणबाई आल्याच. त्यांनी उभ्याउभ्या टिपण वाचलं. काकांकडे पाहिलं नाही, उघड्या चित्राकडेही नाही.

"शेवटची दोन वाक्यं खोड."

कुणी कापलं, केव्हा कापलं, एका शब्दानं विचारलं नाही. म्हणजे बाईंना सगळं आधीच ठाऊक होतं. ही नोकरी गेली तर दुसरी कधी मिळेल, कोण जाणे.

"खोडते, बाई," ती म्हणाली. वाक्यं खोडली, कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. "सही मात्र तुम्ही करा."

खाली दुकानाचं दार वाजलं. गिऱ्हाईक जिना चढू लागलं. बाई पेनाकडे बघत राहिल्या. त्यांनी ते उचललं नाही.