कागदावरचे डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत, पण पारा अजून जागा आहे आणि आठवणही.

१९५४ साली भैयाजींनी मला नागपूरच्या दुकानातून आणलं. ते नागभीडजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि कादंबऱ्या लिहीत. नव्या कादंबरीतल्या नायकाला हिवताप येणार होता. तापाचा आकडा चुकू नये, एवढ्यासाठी माझी खरेदी! धडधाकट भैयाजींच्याच जिभेखाली मी बसे आणि वहीत माझं वर्णन लिहिलं जाई. मला मोठा मान वाटे. त्या कादंबरीत वैरागडे नावाचे डॉक्टर होते. हळू बोलणारे, रोज दुपारी रुग्णाजवळ येऊन बसणारे.

पुढच्या भाद्रपदात भैयाजींनाच हिवतापानं धरलं. एकशे चार! इतक्या वर मी कधी चढलो नव्हतो. नागभीडच्या दवाखान्यातून कडू गोळ्या आल्या. भैयाजींची पत्नी शकुबाई त्या वेळेवर देत. चौथ्या दिवशी भैयाजींनी तोंड फिरवलं.

"वैरागडे डॉक्टर म्हणते, गोळ्या बंद करा."

"अवो, तो तं तुमच्या वहीतला माणूस आहे जी!"

"रोज दुपारी इथी येऊन बसते. तुले दिसत नाई काऊन?"

ताप बोलतो आहे, असं शकुबाईंना वाटलं. मलाही. पण त्या दुपारी शकुबाई विहिरीवर गेल्या होत्या, भैयाजी डोळे मिटून पडले होते, आणि कोणीतरी मला त्यांच्या जिभेखालून अलगद काढलं. उजेडाकडे धरलं. पुन्हा ठेवलं. मित्रांनो, हातात घेणाऱ्याच्या बोटांची ऊब मला लगेच कळते. त्या बोटांना ऊब नव्हती. गारवाही नव्हता.

दोन दिवस गोळी पोटात गेली नाही. भैयाजी शकुबाईंनाही ओळखेनात. शकुबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी कादंबरीची वही उघडली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत वैरागडे डॉक्टरांच्या तोंडी दोन ओळी घातल्या: 'माझी चूक झाली. गोळ्या सुरू करा.' वही भैयाजींच्या हाताशी ठेवून त्या पेज आणायला चुलीकडे गेल्या.

परतल्या तेव्हा भैयाजी वाचत होते. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. गोळी गेली. आठवड्याभरात मी नेहमीच्या आकड्यावर थांबू लागलो.

बरे झाल्यावर भैयाजींनी ते पान पुढे केलं. "तीन ओळी लिवल्या तुनं."

"म्या दोनच लिवल्या जी. मले वाटलं, तिसरी तुमची."

"माही नाई."

तिसरी ओळ बारीक, सुबक अक्षरात होती: 'बाईंचं ऐका, मी आता येणार नाही.'

शकुबाईंनी दार उघडून बाहेर पाहिलं. बांधापर्यंत धान हलत होतं, माणूस कोणी नव्हतं.

भैयाजींनी कादंबरीतून वैरागडे डॉक्टर काढून टाकले. छापलेल्या पुस्तकात नायकाला औषध त्याची बायको देते. ते प्रकरण फार खरं वाटलं, अशी वाचकांची पत्रं आली. माझं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हापासून मी डबीतच आहे.

काच फुटते, म्हणून मला जपा, असं मी म्हणणार नाही. मागणं एकच आहे. घरात कुणी तापानं फणफणला, तर त्याच्याजवळ बसून राहा. तुम्ही उठलात, तर तिथे कोण येऊन बसेल, सांगता येत नाही.