आलूचे शेंडे

चन्याची भाजी खुडावी तं कुंतानं, असं अख्खं गाव म्हणते. मी शेंडे खुडले का चन्याले फांद्याच फांद्या फुटतात, घाटे दुप्पट लागतात. हे खोटं नाई. पण याच गर्वानं माझी माती केली.

माझी सून रंजीता ब्रह्मपुरीची, कॉलेज शिकलेली. बोडीखालच्या, म्हंजे लहान तलावाखालच्या, तुकड्यात आमी दरसाल लाखोरीची डाळ टाकतो. औंदा तिथं तिनं आलू लावला. माझा नवरा शालिकराम कबूल झाला, पण अटीवर. "एक साल पाहू. नाई जमलं तं पुन्हा लाखोरीच." मले सुनेचं कौतुकच होतं, पण तोंडानं कधी म्हटलं नाई.

दीड महिन्यात झाडं गुडघ्याएवढी झाली. रंजीता चार दिवस माहेरी गेली. मी मनात म्हटलं, सारा जोर पाल्यातच चालला, खाली काय लागन? मंग काय, चन्यावानी खुडत सुटली. शेंडे तं खुडलेच, पानंही ओरबाडली. शेवटच्या दोन सऱ्या तेवढ्या राह्यल्या, कंबर धरली म्हणून.

रंजीता आली अन् बांधावरच उभी राह्यली. माझ्या तोंडून निंगून गेलं, "चितळं येऊन गेली वाटते."

ती खाली बसली. एक देठ हातात घेऊन बराच वेळ पाह्यला. मंग हळूच म्हणाली, "आई, उन्हात पानं साखर बनवतात. थे साखर खोडातून खाली उतरते. मातीखाली पांढऱ्या दोऱ्या रायतात ना, त्याच्या टोकाले जाऊन तिचं पीठ होते. तोच आलू."

"अन् पानं नसली तं?"

"तं झाड आधी नवी पानं काढते. साखर तिकडंच खर्च होते. आलूच्या वाट्याले काई येत नाई."

तेव्हाच सांगून टाकाचं होतं. नाई सांगितलं. चन्यावाली कुंता आलूत चुकली, हे गावानं म्हणावं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कोणी 'आलू' म्हटलं तरी मी दचको.

खोदाच्या दिवशी बोराएवढे आलू निंगाले. शेवटच्या दोन सऱ्यांत मात्र मुठीएवढे. शालिकराम म्हणाले, "चितळाची वाट आहे इथं. पुढल्या साली लाखोरी."

"हो मामाजी," रंजीता सासऱ्याले म्हणाली. "कुंपण केलं नाई, माझंच चुकलं."

लेकरू माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यलं होतं. मले राहवलं नाई.

"चितळ नोहोतं. मी खुडलं. सारं मीच खुडलं."

यायनं माझ्याकडं पाह्यलं, मंग त्या मुठीएवढ्या आलूकडं. "तुले काई अक्कल?" म्हणाले. अन् सुनेले म्हणाले, "लाव बाई पुढल्या सालीही. पण हिले बांधावर येऊ देऊ नको."

थे गेल्यावर रंजीता म्हणाली, "मले माहीत होतं, आई. चितळानं खाल्लं तं देठ फाटते. हे नखानं खुडलेलं होतं."

"मंग चाळीस दिवस बोलली काऊन नाई?"

"बोलली तं होती. साखरेचं सारं तुमालेच सांगितलं होतं ना. वाटलं, आता तरी तुमी खरं सांगान."

तिच्या आवाजात राग नोहोता. तिनं शिव्या दिल्या असत्या तं मी परत दिल्या असत्या. याचं काय करू, थे मले कळत नाई.