बाळंतिणीचा मासा

आमच्या माहेरच्या तळ्यातला मासा खाल्ला नाही अशी बाळंतीण पठाराखालच्या गावांत शोधूनही सापडली नसती. कोणाकडे बाळ झालं की निरोप यायचा. मग वडील विजार गुडघ्याच्या वर दुमडून तळ्यात उतरायचे आणि एक काळा, जाडजूड कार्प धरून, ओल्या पेंढ्यात गुंडाळून, जिवंतच त्या घरी पोचवायचे. खवल्यांसकट त्याचे तुकडे करून मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात दिवसभर मंद आचेवर ठेवायचे. तो रस्सा पोटात गेला की आईला दूध उतरतं, असं आमच्याकडे सगळ्या बायका मानायच्या. मीही मानते. त्याचे पैसे घ्यायची पद्धत नव्हती. कोणी मुळे आणून द्यायचं, कोणी नुसतंच बाळ दाखवायला घेऊन यायचं.

पठारावर सगळी चहाची शेती. खाली कड्याच्या पोटातून झरा निघायचा, आमच्या अंगणाशेजारी तळ्यात पडायचा आणि तिथून ओढा होऊन भातखाचरांकडे जायचा. तळ्याचं पाणी हिरवट असायचं, तळ कधी दिसायचा नाही. ओढ्यातला कुठलाही दगड उलटा केला की खाली वाळूच्या कणांची बारीक नळी बांधून राहणारे किडे चिकटलेले असायचे. आम्ही मुली त्या रिकाम्या नळ्या गोळा करून बाहुल्यांच्या चहाच्या डब्या करायचो. वडील ओरडायचे, "किडे राहू द्या गं, मासे काय तुमच्या बाहुल्या खाणार आहेत का?"

मला दिली ती पठारावरच, चहावाल्यांच्या घरात. तोराइची माझा नवरा. मोठ्या आवाजाचा, हसरा आणि चहाच्या बाबतीत वेडा. माझी लेक किनुए जन्मली तेव्हा वडील गेलेले होते, म्हणून माझा थोरला भाऊ कुमेझो चढ चढून मासा घेऊन आला. धापा टाकत उंबऱ्याशीच बसला.

"दाजी, बहीण दिली तेव्हा वाटलं होतं, इथं तिला खायला मिळेल. मासाही मीच आणायचा?"

"मेव्हणे, वर्षभर चहा आमचा पिता. मासा तुमचाच असणार. आणि हा काय असला? तुमच्यासारखाच हाडकुळा."

"हाडकुळा? तुमच्या वजनाचा आहे. अक्कल वजा केली तर."

मी आतल्या खोलीत अंथरुणावर पडून हसत होते आणि हसताना टाके दुखत होते. त्या दोघांचं हे असं चाळीस वर्षं चाललं.

आमच्या पठारावर एक रीत होती. नवी पानं फुटायच्या सुमारास म्हातारी माणसं हात पाठीशी बांधून एकमेकांच्या शेताच्या कडेनं फिरायची. तोंडानं हवापाण्याचं बोलायची आणि डोळ्यांनी पानांचा रंग बघायची. हिरवा जितका गडद तितका शेतकरी कर्ता. कोणाच्या ओळी जरा फिकट दिसल्या की झालं. "काय, यंदा खताऐवजी बायकोला किमोनो घेतलास वाटतं?" हे वाक्य ऐकून रडलेले पुरुष मला माहीत आहेत.

चहाची गोडी खतातून येते, हे खोटं नाही. पेंड, मासळीचं खत, मग अमोनियम सल्फेट. पण शेजाऱ्यानं एक पोतं टाकलं की तोराइची दोन टाकायचा, आणि ते बघून शेजारी तीन. ओळींच्या मधली माती काही दिवस पांढरी दिसायची. चहाच्या स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं तेव्हा गावानं त्याला खांद्यावर घेतला होता. एकदा झुडपाशी माती उकरली तर कोवळी मुळं काळी पडून जळालेली. तोराइची वाकून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "उपाशी आहेत बिचारी." त्या वर्षी त्यानं आणखी खत घातलं.

खाली तळ्यात जे झालं ते इतकं सावकाश झालं की कोणाला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. आधी माझी वहिनी हात्सु आनंदानं म्हणाली, "ओढ्यातले दगड हल्ली निसरडे नाहीत गं, कपडे धुताना पाय घसरत नाही." मग कडेच्या शंखगोगलगायी गेल्या. त्यांची कवचं आधी कागदासारखी पातळ झाली होती, बोटानं चुरडायची. कोळंबी दिसेना. दगडाखाली वाळूच्या नळ्या दिसेनात. आणि पाणी मात्र वर्षावर्षानं स्वच्छ होत गेलं. हिरवटपणा गेला, तळाचा खडा न् खडा दिसायला लागला, आणि मग त्यावर अशी एक निळी झाक आली की शहरातून आलेले लोक गाडी थांबवून फोटो काढायचे.

नव्या वर्षाला आम्ही खाली गेलो की तोराइची तळ्याकाठी उभा राहून छाती फुगवायचा.

"मेव्हणे, आमच्या चहाच्या मुळांनी गाळून पाठवलेलं पाणी आहे हे. तिकीट लावा."

"लावतो की. तुम्हाला अर्धं. अर्धवट माणसाला अर्धं तिकीट असतं."

दादा हसायचा. पण एका वर्षी घरामागे मला कालवांच्या शिंपल्यांच्या गोणी रचलेल्या दिसल्या. समुद्रावरून टेम्पोनं आणून तो त्या झऱ्याच्या तोंडाशी ओतत होता.

"हे कशाला रे दादा?"

"माशांना समुद्र दाखवतोय. त्यांनी तरी कधी बघायचा?"

मी हसून सोडून दिलं.

किनुए पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली ते शरद ऋतूत. मुलगा झाला, पण दूध येईना. बाळ रडायचं, ती रडायची. तिच्या सासूनं शहरातून दुधाच्या पावडरचा डबा पाठवला, तो तोराइचीनं वरच्या फळीवर ठेवून दिला.

"मामाच्या तळ्यातला मासा येऊ दे. बाजारचा मासा माझ्या लेकीला नको. फोन कर तुझ्या भावाला."

मी फोन केला. दादानं आधी विचारलं, उद्यापर्यंत चालेल ना.

"आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला. पेंढ्यात गुंडाळलेला मासा, वडील गुंडाळायचे तसाच, शेपटी बाहेर. चांगला मोठा होता. मी फळीवर घेतला, डोक्यावर सुरीची मूठ मारली आणि पोट उघडलं. आतडं चिरलं गेलं आणि त्यातून तपकिरी गोळ्यांचा लगदा बाहेर आला. मासे पाळणाऱ्या कारखान्यांत घालतात तसल्या गोळ्या, त्यांना एक पिठूळ तेलकट वास असतो. आमचे मासे कोंडा खायचे, रेशमाच्या किड्यांचे कोश खायचे, ओढ्यातून वाहून आलेलं काहीबाही खायचे. अशा गोळ्या आमच्या घरात कधीच आल्या नव्हत्या.

मी मान वर केली. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"पित्ताची पिशवी फुटू देऊ नकोस, शिगे," तो म्हणाला. "सगळा रस्सा कडू होईल."

मी आतडं राखेत पुरलं आणि मासा शिजायला ठेवला.

संध्याकाळी किनुए रस्सा प्यायली, दोन वाट्या. तोराइचीनंही एक तुकडा घेतला आणि मांडीवर थाप मारली.

"बघ, चव बघ! स्वच्छ पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास म्हणून नाही. मेव्हणे, तुमच्या वडिलांच्या वेळी असा होता का मासा?"

"नव्हता," दादा म्हणाला.

"मामा, पुढच्या खेपेलाही तळ्यातलाच हं," किनुए म्हणाली.

"पुढची खेप लवकर कर बाई. मामा म्हातारा झालाय."

किनुएला दूध आलं. दोन दिवसांत आलं. ते माशानं आलं की आईच्या हातचं खाऊन आलं, देव जाणे.

आभार मानायला जायचं म्हणून तोराइचीनं साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली घेतली, मी लाल चवळीचा भात डब्यात भरला आणि आम्ही न कळवताच खाली उतरलो. दादा शेतात गेला होता. तोराइची थेट तळ्याकडे गेला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. टाळी ऐकली की कार्प काठाशी येतात, तोंडं उघडून गर्दी करतात. त्याला ते फार आवडायचं. काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवल्या. तळ आरशासारखा दिसत होता, पांढऱ्या शिंपल्या पसरलेल्या, दगडांवर पांढुरकी साय, आणि त्याच्यावर काही हलत नव्हतं.

तेवढ्यात दादा आला.

"मासे कुठायत, मेव्हणे?"

"झोपलेत."

"सगळे?"

हात्सुवहिनी धुणं वाळत घालत होती. तिनं चादर तशीच खाली टाकली. "मेलेत, भावजी. शेवटचा पावसाळ्यातच गेला. तुमच्या लेकीचा मासा ह्यांनी दोन डोंगर पलीकडून आणला." मग ती थांबली नाही. सरकारी माणूस पाणी तपासून गेला होता. वरचं खत पावसाबरोबर जमिनीत मुरतं, खालच्या गोट्यांतून सावकाश झिरपत वर्षानुवर्षांनी इथं निघतं. पाणी आंबट झालंय, मातीतला धातू विरघळवून आणतंय, तो माशांच्या कल्ल्यांत बसतो. त्या धातूनंच ते निळं दिसतं. शिंपल्यांच्या चुन्यानं आंबटपणा मरेल म्हणून दादा त्या ओतत होता. "आणि मला शपथ घातली, वर बोलायचं नाही म्हणून. शिगेला त्या घरात राहायचंय, म्हणाले."

साकेची बाटली छातीशी धरून तोराइची उभा राहिला. दादानंच ती त्याच्या हातातून काढून घेतली. "आत चला, दाजी. भात गार होतोय."

पुढच्या वर्षी तोराइचीनं खत निम्म्यावर आणलं. पानं फिकट आली. म्हातारे शेताच्या कडेनं फिरून गेले. कोणीतरी किमोनोचं विचारलंही. तो म्हणाला, "हो, दोन घेतले." चहा त्यानं स्पर्धेला पाठवला नाही. मग एक दिवस खाली जाऊन त्यानं दादाला खताचं सांगितलं, खाली बघत, पोरानं परीक्षेचा निकाल सांगावा तसं.

दादानं विचारलं, "पाण्याला कधी कळेल?"

"तो सरकारी माणूस म्हणतो, आधीचं घातलेलं अजून वाटेत आहे. किनुए शाळेत होती तेव्हाचं आत्ता येतंय."

"म्हणजे आपण दोघं नसू तेव्हा."

तोराइचीनं मान डोलावली.

"मग एक काम करा, दाजी. तुमच्या ट्रकनं माती आणून द्या. तळं बुजवू."

मी म्हटलं, "दादा, असू दे ना. कधीतरी सुधारेल."

"अजून निरोप येतात गं," तो म्हणाला. "परवा खालच्या वाडीतून पोरगी आली होती, भावजय बाळंत झाली म्हणून. किती जणींना बाजारचा मासा पेंढ्यात बांधून द्यायचा मी? तळंच दिसलं नाही तर येणार नाहीत."

माती तोराइचीनं आपल्याच शेताच्या बांधाची आणली, लाल, भुसभुशीत. दोघंही सत्तरी ओलांडलेले. झऱ्याचं पाणी नळीनं ओढ्याकडे वळवलं आणि तळ्याच्या दोन कडांना उभं राहून फावड्यानं माती लोटायला लागले. मी आणि हात्सुवहिनी अंगणात उभ्या होतो. माती पडली की क्षणभर लाल ढग उठायचा, आणि लगेच त्याचे दह्यासारखे गोळे होऊन सरळ तळाशी बसायचे. वरचं पाणी पुन्हा तसंच, निळं, निर्मळ. आणखी माती, पुन्हा तेच. दोघांनी फावडी टेकली आणि बघत राहिले. बुजवतानासुद्धा ते पाणी गढूळ व्हायला तयार नव्हतं.

"थांबूया का, मेव्हणे?" तोराइचीनं विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

दादानं फावडं मातीत खुपसलं.

"नाही, दाजी. टाका."